एकशेऐंशी किलोंचा फरक

पोन्नम्मादीदींबद्दल मला खात्रीने जे माहीत आहे ते एका पानात बसेल. बाकीचं ऐकीव, आणि त्यातलं बरंच मी माझ्याच मनात रचलेलं. सोळा वर्षं त्या आमचे हिशोब करत होत्या, पण त्यांनी लग्न का केलं नाही, किंवा राजधानी सुवामधल्या मोठ्या पेढीतली नोकरी सोडून त्या आमच्या बेटावर, सावुसावुला, का आल्या, हे मला सांगता येणार नाही. नोकरीबद्दल गावात दोन गोष्टी बोलल्या जायच्या. एक म्हणजे, कुठल्याशा कंपनीच्या खोट्या ताळेबंदावर सही करायला त्यांनी नकार दिला म्हणून त्यांना काढलं. दुसरी, त्यांनी सही केली म्हणून काढलं. मी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "दोन्ही ऐकलंत ना? मग अर्धं अर्धं धरा."

मी जगरूप. बाजाराजवळ आमचं यंगोनाचं दुकान आहे. यंगोना म्हणजे इथल्या एका झाडाच्या मुळ्यांची पूड; ती पाण्यात कालवून पितात, अंगाला जरा सुस्ती येते. माझं आणि एमोसीचं, निम्मं निम्मं. तो इथला मूळचा, आमचे पणजे समुद्रापलीकडून आलेले. एमोसी लॉरी घेऊन नातेवा खाडीच्या गावागावांतून वाळलेल्या मुळ्या विकत आणतो. मी त्या यंत्रात कुटून, चाळून, पुड्या बांधून विकतो. त्याला गल्ल्यावर बसवत नाही आणि मला डोंगरातल्या वळणांवर लॉरीत उलटी होते, म्हणून ही वाटणी आपोआप पडली. एकोणीस वर्षं तशीच चालली. आमचे जुने हिशोबनीस वारले आणि मोठ्या वादळानंतरच्या दुसऱ्या वर्षी पोन्नम्मादीदी आल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून एक किलो साखरेचा बंद पुडा काढला आणि आमच्या काट्यावर ठेवला. काटा बरोबर निघाला. तरी त्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

मी म्हटलं, "दीदी, चहा सांगतो."

"नको. पाणी आणलंय."

"मग एक करवंटी यंगोना? ताजं कालवलंय."

"ज्यांचे हिशोब बघते त्यांच्याकडे मी काही पीत नाही."

हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की मला अपमान झाल्यासारखं वाटायलाही वेळ लागला.

तीन आठवडे त्या मागच्या खोलीत बसून होत्या. एक अख्खी सकाळ त्यांनी कुटण्याच्या यंत्रासमोर काढली. मुळ्या आत जाताना वजन, पूड बाहेर येताना वजन. शंभर किलोंमागे पाच किलो धूळ, साल आणि ओल म्हणून जातात, हे त्यांनी स्वतः बघून लिहून घेतलं. मी आधीच तेवढंच सांगितलं होतं. त्यांनी माझ्या आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मग एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. एमोसी बाहेरगावी होता.

"शंभर डॉलरच्या विक्रीमागे तुमचा ढोबळ नफा आधी तेवीस होता. या वर्षी एकोणीस आहे."

"मुळ्यांचा भाव वाढला, दीदी."

"तुमचाही वाढला. ते धरून सांगतेय." त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "चोवीसशे किलो आणल्या. कुटण्यात एकशेवीस गेले. विकलेलं आणि शिल्लक मिळून एकवीसशे. राहिले किती?"

मी मनात दोनदा वजाबाकी केली. "एकशेऐंशी."

"कुठे आहेत?"

"मला काय माहीत?"

"तुम्हाला माहीत नाही, की तुम्ही सांगत नाही, हे मला अजून कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा मुलगा ब्रिस्बेनला शिकतो. फी कोण भरतं?"

मी पासबुक आणून त्यांच्यासमोर टाकलं. त्यांनी ते पान न् पान वाचलं, परत दिलं, आणि म्हणाल्या, "एमोसीचंही मागणार आहे."

त्या वाक्याने माझ्या मनात काहीतरी शिरलं. आपण घेतलेलं नाही हे आपल्याला माहीत असतं. भागीदार दोनच. मग उरतं कोण?

घरी रामरतीला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती भाजी परतत होती. मागे न वळता म्हणाली, "त्याच्या मेव्हण्याने बाजारात नवीन गाळा घेतलाय. काय विकतो तो?"

"यंगोना."

"मग? मला कशाला विचारताय?"

दुसऱ्या दिवशी मी त्या गाळ्यावर जाऊन एक पुडी घेतली. घरी आणून वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली. आमचीच वाटली. मग वाटलं, सगळ्यांचीच अशी लागते. तिसऱ्या दिवशी परत घेतली, तेव्हा मेव्हणा हसून म्हणाला, "काय जगरूपभाई, स्वतःचा माल पचत नाही वाटतं?" मी काहीतरी पुटपुटून निघालो. चोर आपणच असल्यासारखा तो हसला, असं मला रस्ताभर वाटत राहिलं.

मग मी एक काम केलं, ज्याची आजही लाज वाटते. कोठारात उत्तम मुळ्यांच्या जुड्या बांधून ठेवलेल्या असतात. त्यांतल्या दहा जुड्यांना मी आतल्या बाजूने लाल लोकरीचा धागा गुंडाळला. महिन्याभरात त्यांतल्या चार गेल्या. विक्रीच्या वहीत एकही नव्हती.

आमच्या भागीदारीच्या करारात एक कलम आहे. कुणी भागीदाराने नोंद न करता माल उचलला, तर दुसऱ्याला भागीदारी मोडता येते. लबासा शहरातल्या वकिलाकडून मी तशी नोटीस लिहून आणली. सही तेवढी बाकी ठेवून ती खणात टाकली. रामरती रोज विचारायची, "केली का?" मी म्हणायचो, "ताळेबंद होऊ दे." खरं म्हणजे हात होत नव्हता. एकोणीस वर्षांत एमोसीने माझ्याकडून कधी जादा डॉलर मागितला नव्हता. पण हेही संशयाच्या बाजूलाच जाऊन बसायचं. मागत का नव्हता?

त्यातच एका शनिवारी मला एमोसीची बायको दिसली. टोपलीभर अळकुड्या घेऊन ती पोन्नम्मादीदींच्या खोलीवर निघाली होती. मी पलीकडे पोस्टाच्या पायरीवर उभा राहिलो. टोपली आत गेली, रिकामी बाहेर आली. झालं. दीदीही फुटल्या. ज्या बाईने माझा चहा घेतला नाही तिने त्याच्या अळकुड्या घेतल्या. आता एकशेऐंशी किलो माझ्या नावावर येणार, अशी माझी खात्रीच झाली. त्या रविवारी मी जेवलो नाही.

सोमवारी दीदी म्हणाल्या, "खरेदी कशी होते ते बघितल्याशिवाय मी ताळेबंद देणार नाही. मला लॉरीतून न्या. तुम्हीही चला, जगरूप."

"मला उलटी होते, दीदी."

"पिशवी घ्या."

एमोसीला गंमत वाटली. "चला, चला! मरामा पुढे बसतील, जग्गू खिडकीशी. सशासारखा तोंड बाहेर काढून बसेल." बायकांना तो मानाने मरामा म्हणायचा, मला वाटेल ते.

खाडीच्या वरच्या टोकाला एक लहान गाव होतं, वीस-बावीस घरांचं. वादळाने जवळच्या गावांतले यंगोनाचे मळे झोपवले, तेव्हापासून एमोसीला अशा लांबलांबच्या लहान गावांत जावं लागत होतं. इथून अर्धं पोतं, तिथून पाव. गावाच्या अलीकडे त्याने लॉरी थांबवली, मानाने टोपी काढली आणि दीदींनाही त्यांची उन्हाची टोपी काढायला सांगितली. दीदींनी स्कर्टवरून लुंगीसारखं सुलु गुंडाळलं. मग त्याने सीटमागून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून बगलेत धरलं.

मोठ्या घरात चटईवर गावचा मुखिया बसला होता, बाजूला तीन-चार म्हातारे. आम्ही वाकून आत गेलो आणि मांडी घालून बसलो. दीदी मागे, बायकांत. एमोसीने कागद सोडला आणि मुळ्यांची जुडी पुढे ठेवली.

जुडीत लाल धागा होता.

मी मान खाली घातली. एमोसी नेहमीच्या खालच्या आवाजात बोलू लागला. मला इथल्या गावांची भाषा लहानपणापासून येते. तो म्हणाला, हे एमोसीच्या घरातून आणि जगरूपच्या घरातून आलेलं लहानसं सेवुसेवु आहे. आमच्या दोन घरांची वाट तुमच्या गावात उघडी असू द्या. म्हाताऱ्यांनी जुडी घेतली, पोकळ तळव्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मुखियाने पहिल्यांदा माझ्याकडे बघून विचारलं, "हा तो जगरूप?"

"हो," एमोसी म्हणाला. "अखेर आणला."

"दोन वर्षं नाव ऐकतोय," मुखिया म्हणाला. "मला वाटलं जाड असेल."

सगळे हसले. मीही हसलो असेन.

सेवुसेवु मला माहीत नव्हतं असं नाही. इथे जन्मलो, साठीला आलो. गावात शिरण्याआधी यंगोना ठेवावं लागतं हे आमच्या पोराबाळांनाही ठाऊक असतं. पण एमोसी ते स्वतःच्या मळ्यातलं नेत असेल, असं मी धरून चाललो होतो. धरून चाललो म्हणजे एकोणीस वर्षांत त्याचा विचारच केला नव्हता.

परतताना लॉरीत आम्ही तिघं पुढे दाटीवाटीने. दीदी मध्ये.

"एमोसी, ती जुडी कुठली?" दीदींनी विचारलं.

"दुकानातली."

"नोंद?"

"कसली नोंद?"

"माल दुकानातून बाहेर गेला."

"तो माल नव्हता, मरामा. सेवुसेवु होतं."

"दर खेपेला नेतोस?"

"मग काय, हात हलवत गावात शिरू? चोरासारखा?"

"मला कधी सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

"काय सांगायचं? तू रोज सकाळी दुकानाचं दार उघडतोस, ते मला येऊन सांगतोस का?" मग त्याला काही आठवलं. "त्या जुड्यांना लाल धागा कुणी बांधला रे? रामरतीने ना? मुखियाला फार आवडला."

रामरतीवर ढकलता आलं असतं. पण गप्प राहिलो आणि त्याला कळलं. त्याने लॉरी बाजूला घेतली, इंजीन चालू ठेवून उतरला आणि माझ्या खिडकीशी आला.

"किती दिवसांपासून?"

"महिनाभर."

"महिनाभर तू माझ्यासोबत बसून प्यायलास, आणि जुड्यांना धागे बांधत होतास?"

"नफा पडला होता, एमोसी. एकशेऐंशी किलो..."

"आणि तुझा टब?" तो ओरडला. "दुकानामागे रोज संध्याकाळी टब कालवतोस तो कुठल्या झाडाचा असतो? हमाल पितात, बसवाले पितात, पोलीसही पितो. आणि सगळ्यांत जास्त तू पितोस! मी कधी विचारलं? मी कधी तुझ्या करवंटीला धागा बांधला?"

टब. दीदी आल्या त्या पहिल्या दिवशी त्याच टबातली करवंटी मी त्यांच्यापुढे केली होती. देवाशपथ, तो कुणाच्या मालातून येतो हा विचार माझ्या डोक्याला शिवला नव्हता.

"बसा," दीदी म्हणाल्या. "डिझेल जळतंय."

एमोसी बसला. सावुसावु आल्यावर लॉरीची किल्ली गल्ल्यावर ठेवून निघून गेला, आणि नऊ दिवस आला नाही.

त्या नऊ दिवसांत मला कळलं की दुकान म्हणजे काय. मुळ्या संपत आल्या. लोक विचारायचे, "एमोसी आजारी आहे का?" मी हो म्हणायचो. नोटीस मी पहिल्याच दिवशी चुलीत घातली होती, पण आता ती त्याच्याकडून येईल असं वाटायचं, आणि कलम त्याच्याही उपयोगाचं होतं, कारण टबाची नोंदही नव्हतीच. टपालवाला दिसला की मी आत जायचो.

दीदी मात्र वेळेवर येऊन बसत होत्या. त्यांच्यापुढे डिझेलच्या पावत्यांची चळत आणि खरेदीच्या चिठ्ठ्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "दीडशे."

"काय दीडशे?"

"या वर्षी तो दीडशे वेळा गावांत गेला. वादळाच्या आधीच्या वर्षी साठ वेळा. एका वेळेला एक जुडी, साधारण किलोभर. दीडशे किलो तिथे गेले."

"आणि तीस?"

त्यांनी मागच्या दाराकडे नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "रोजचे शंभर ग्रॅम, वर्षाचे तीनशे दिवस."

मला विचारावंसं वाटलं की हे तुम्हाला आधीच माहीत होतं का. पावत्या तर पहिल्या आठवड्यापासून त्यांच्याकडे होत्या. मग गावापर्यंत मला का नेलं? पण माझं धाडस झालं नाही, आणि मग कधीच झालं नाही.

"आता हे लिहायचं कसं?" मी विचारलं. "एमोसीची उचल म्हणून?"

"त्याने घरी नेलं का?"

"नाही."

"मग उचल कशी? हे दिल्याशिवाय मुळ्या मिळत नाहीत. हा खरेदीचा खर्च. लॉरीच्या भाड्याशेजारी बसेल."

"तो वजन करू देणार नाही, दीदी. वजन केलं की ते सेवुसेवु राहत नाही म्हणेल."

"जुड्या मोजायला नको. गावं मोजू. गावं मोजायला कुणाची हरकत नसते." त्यांनी चष्मा पुसला. "टबाचं सांगा. तुम्ही स्वतः रोज किती करवंट्या घेता?"

"चार."

त्या बघत राहिल्या.

"सहा," मी म्हटलं.

"सहा तुमची उचल. बाकीचा विक्रीखर्च."

मग त्यांनी खणातून एक लहान पावतीपुस्तक काढलं आणि कागदावर काही आकडेमोड केली. त्या पुस्तकात मला एक पावती दिसली. त्यांच्याच अक्षरात, एमोसीच्या बायकोच्या सहीने: अळकुड्या, एक टोपली, सहा डॉलर. माझी मान आणखी खाली गेली.

"एमोसीकडे कधी जाणार?" त्यांनी विचारलं.

"काय तोंडाने जाऊ?"

"ते मला माहीत नाही. मी हिशोब करते. पण रिकाम्या हाताने जाऊन भागणार नाही, एवढं तुम्हालाही कळतं."

कळत होतं. चुकी झाली की यंगोना घेऊन जायचं आणि पुढे ठेवून गप्प बसायचं. मी उठलो, कोठारात गेलो, सगळ्यांत चांगली जुडी काढली आणि कागदात गुंडाळू लागलो.

"थांबा," मागून आवाज आला. "ती दुकानाची आहे."

मी जुडी हातात घेऊन वळलो.

"काट्यावर ठेवा. दीड किलो. विक्रीच्या भावाने अडतीस डॉलर."

"मी भागीदार आहे, दीदी! निदान खरेदीच्या भावाने तरी..."

"माफी मागायला जाताय, की सवलत मागायला?"

अडतीस डॉलर मी गल्ल्यात टाकले. त्यांनी पावती फाडून दिली.

एमोसी घराच्या ओसरीवर जाळं विणत बसला होता. मी चटईवर बसलो, जुडी पुढे ठेवली. बोलायचं पाठ करून आलो होतो, पण पहिल्या शब्दातच अडखळलो. आधी त्याने जुडी उलटीपालटी करून बघितली. धागा शोधत होता.

"नाही बांधला," मी म्हटलं.

"दुकानातली?"

"विकत घेतली."

"तू? आपल्याच दुकानातून?"

मी खिशातून पावती काढून दिली. त्याने ती लांब धरून वाचली. "अडतीस डॉलर! लुटलं तुला." मग त्याचे खांदे हलायला लागले. बायकोला हाक मारून त्याने पावती दाखवली, मग शेजाऱ्याला बोलावून दाखवली. हसून झाल्यावर त्याने टाळ्या वाजवल्या आणि जुडी उचलून मांडीजवळ ठेवली. म्हणजे घेतली.

"पण एक ऐक जग्गू," तो हळू म्हणाला, "परत धागा बांधलास तर मी लॉरी समुद्रात घालीन."

दुसऱ्या दिवशी तो आला. दीदींनी नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद पुढे ठेवला. खरेदीच्या खर्चात एक नवी ओळ होती, "गावभेटी, दीडशे". एमोसीने ती दोनदा वाचली आणि सही केली.

त्यानंतर पंधरा वर्षं दीदी येत होत्या. दर वर्षी साखरेचा पुडा आधी काट्यावर. माझ्यावरचा त्यांचा संशय कमी झाला असं मला कधी वाटलं नाही, आणि एमोसीवरचाही नाही. आम्हा दोघांवर तो अगदी सारखा होता. माझ्या मनात मात्र एमोसीबद्दल पुन्हा तसं काही आलं नाही. एखादवेळी यायला लागलं की मी जाऊन त्यालाच विचारायचो, आणि तो मला शिव्या द्यायचा.

मग त्यांचे डोळे अधू झाले तशा त्या दुसऱ्या बेटावर, लौटोकाला, बहिणीकडे निघाल्या. तिथे चार महिन्यांनी वारल्याचं कळलं. निघाल्या त्या सकाळी मी धक्क्याला जाणाऱ्या बसशी गेलो होतो. त्यांनी खिडकीतून शेवटच्या वर्षाच्या ताळेबंदाचा लिफाफा माझ्या हातात दिला.

"एमोसीची सही आधी घ्या," त्या म्हणाल्या. "तुमची आधी दिसली तर तो वाचणार नाही."

"आणि मी? मी त्याची सही बघून न वाचता केली तर?"

"तुम्ही वाचाल."

"दीदी, पाणी घेतलंत ना बरोबर?"

"घेतलंय. मागे सरका, बस सुटतेय."

"हो, सरकतो."